शेगडीची तार
तापलेल्या तारेचा वास आला की मला भिवंडीत धामणकर नाक्याजवळची आमची पहिली खोली आठवते. बायको बाळंतीण, बाजारात रॉकेल न्हाय आणि त्यातच विजेची शेगडी बंद पडली. अंजूरहून सासरे आले ते हटूनच बसले, "गरम पाणीबी न्हाय हितं! पोरीला नि बाळाला मी घेऊन जातो." मी म्हटलं, "शेगडी जोडतो, मग बोला." तेवढ्यात लाईट गेली आणि गल्लीतले कापड विणायचे सगळे लूम गप्प झाले. तरी मी मेनचा फ्यूज काढून खिशात घातला. सासरे हसले, "लाईटच न्हाय, जावईबापू, फ्यूज कुणाच्या भीतीनं काढला?" मी ऐकलं न्हाय. तुटलेल्या तारेची टोकं एकमेकांत पिळत होतो, तोच खटाखट, खटाखट, सगळी गल्ली वाजायला लागली. लाईट आली होती! उघड्या तारेवरची माझी बोटं बघून सासरे मटकन खाली बसले. मी जोड पक्का केला, हात काढला, मग फ्यूज बसवला. तार लालभडक झाली. सासऱ्यांनी स्वतः पातेलं चढवलं आणि आत हाक दिली, "बाय, पिशवी भरू नको." पुढं अंजूरात कुणाची शेगडी बिघडली की ते सांगायचे, "आमच्या जावयाला बोलवा." शाळेत मी फारसा गेलो न्हाय, पण असं सर्टिफिकेट आणखी कुणाकडं असंल तर आजबी मला दाखवा.