अंधारातला घास

काल संध्याकाळी आम्ही मुली हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवायला बसलो आणि वीज गेली. मी सरळ घास तोंडात घातला. जेवणाआधी रोज डोळे मिटून प्रार्थना करणारी मी, काल केली नाही. का, ते नीट सांगता येत नाही. कदाचित कोणी बघत नव्हतं म्हणून.

मग जाणवलं की सगळे आवाज थांबलेत. पंखा बंद होता, ताटंही गप्प होती. आमच्या टेबलावर कोणी चावतसुद्धा नव्हतं.

"झालं का गं तुझं?" अंधारातून माझ्या रूममेटने, सविताने विचारलं. "आमचे घास हातातच आहेत."

"तुम्ही थांबता?"

"रोजच. तू डोळे मिटून बसतेस, तुला काय दिसणार?"

आमच्या घरी बाबा आमेन म्हणेपर्यंत कोणी ताटाला हात लावत नाही. घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. वाटायचं, इथे हे मी एकटीच पाळते. आणि इतके दिवस माझ्या मिटलेल्या डोळ्यांसमोर एवढे हात थांबलेले होते. मग मला न दिसणारं आणखी कोण थांबत असेल?

"अजून नाही झालं," मी म्हणाले. तोंडातला घास तसाच ठेवून डोळे मिटले. मिटले काय, उघडे काय, अंधार तोच होता. सविता डावीकडे होती, बाकीच्या समोर. पण उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीतही कोणीतरी न जेवता बसलंय, असं वाटत राहिलं.

आमेन म्हटल्यावर ताटं वाजू लागली. त्या खुर्चीकडे हात न्यायचं धाडस मात्र मला झालं नाही.