फळ्यावरचं बुद्धवर्ष

केसांच्या तेलासाठी माका वाटायला घेतला, की त्या हिरव्या वासाबरोबर काष्टीच्या शाळेचा फळा डोळ्यांपुढे येतो. कोळसा आणि माक्याचा पाला घासून तो आम्ही मुलीच काळा करायचो. दुष्काळाच्या वर्षी शाळा तपासायला दिपोटी साहेब आले आणि त्यांनी मला विचारलं, "शालिवाहन शक सुरू झाला ते साल कोणतं?" वडिलांनी शिकवलेला हिशेब मनात करून मी म्हणाले, "सहाशे बावीस." वर्ग खो खो हसला. "अठ्ठ्याहत्तर," साहेब म्हणाले. तरी मी बोलले, "आमच्या घरी बुद्धवर्ष धरतात, साहेब." हसणं थांबलं. गुरुजींनी खडू घेतला आणि एकाखाली एक लिहिलं: शके १, इसवी सन ७८, विक्रम संवत १३५, बुद्धवर्ष ६२२. "वर्ष एकच आहे साहेब, मुलीचं बरोबर आहे," ते म्हणाले. साहेबांनी जरा वेळ फळा पाहिला आणि मान डोलावली. संध्याकाळी खडी फोडून आलेल्या वडिलांना मी हे सांगितलं, तर ते उभेच राहिले. "फळ्यावर लिवलं? आपलं वर्स?" "व्हय." "पुसलं न्हाई ना?" "न्हाई, दादा." हातपाय न धुताच ते मला घेऊन शाळेकडे निघाले. दाराला कुलूप होतं. खिडकीचे गज धरून, उरल्यासुरल्या उजेडात, त्यांनी ती शेवटची ओळ हळू आवाजात वाचली आणि पुन्हा वाचली. पुढे मीही शिक्षिका झाले, जन्मभर फळ्यावर लिहीत राहिले. पण लिहिलेलं इतकं मन लावून वाचणारं माणूस मला परत दिसलं नाही.