नीलम्माचा डावा तळहात

नीलम्मक्का,

तू गेलीस त्याला पस्तीस वर्षांहून जास्त झाली. आता आपल्या अहमदपूरच्या मंडळींनी मला गाठलंय, की गावातल्या थोर बायकांवर काहीतरी लिहून द्या. मी म्हटलं, थोर बायका मला ठाऊक नाहीत, गिरणीवाली नीलम्मा ठाऊक आहे, चालेल का? नाही म्हणायचा धीर कुणाला झाला नाही, म्हणून हे लिहिते आहे. बोलते तुझ्याशीच. पण वाचणारे परके असणार, तेव्हा तुला पाठ असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. मध्येच "हे कामून सांगून राहिलीस" म्हणू नकोस.

तर, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तुझ्या नवऱ्याची, शंकरप्पांची पिठाची गिरणी होती. शंकरप्पा ऐन उमेदीत गेले, तुझा लेक सिद्धेश्वर तेव्हा शाळेतही जात नव्हता. गिरणी विकून टाकू असं भावकीचं चाललं होतं. तू कुणाशी वाद घातला नाहीस. दुखवट्याचे दिवस सरल्यावर एका सकाळी पदर खोचलास, पट्टा चढवलास आणि बटण दाबलंस. डबे उचलणं, दळण टाकणं, दगड गुळगुळीत झाले की छिन्नी-हातोडी घेऊन त्यांना टाकी लावणं, सगळं तुझ्या हातांनी. मी समोरच्या माडीवर भाड्याने राहायचे आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तू मला प्रोफेसरबाई म्हणायचीस. त्यात मान कमी, टोमणाच जास्त.

आपण दोघी लिंगायत. दीक्षेत मिळालेलं लिंग तुझ्या गळ्यात, माझं डबीत घालून कपाटात. त्यावरून तू मला बोलायची एकही संधी सोडली नाहीस, आणि मीही ते काढून गळ्यात घातलं नाही. तुझा नेम कडक होता. सकाळी आंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी, विभूती, बेलाचं पान वाहायचं आणि नजर लावून बसायचं. ते झाल्याशिवाय तोंडात घास नाही, पाण्याचा थेंब नाही. जेमतेम पाऊण तासाचं काम. ते अवघड व्हावं असं त्यात काही नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्वारी संपली, रेशनवर परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, आली आणि सगळ्या गल्लीची मिलो तुझ्या गिरणीत दळली जाऊ लागली. त्याच वर्षी तुझी बोटं सुजली. मधले सांधे आधी, मग मनगटं, दोन्ही हातांना अगदी सारखं. सकाळी उठलं की मूठ मिटलेली ती मिटलेलीच. ऊन चांगलं वर आल्यावर कुठे बोटं सुटी व्हायची.

"मिलोनं धरलं बगं माजे हात," तू म्हणालीस.

"मिलो सगळ्यांनीच खाल्ली, अक्का. हात तुझेच का धरले?"

"खाल्ली सगळ्यांनी. दळली म्या एकटीनं."

मिलोचं मला पटलं नव्हतं, पण खरं कारण मलाही ठाऊक नव्हतं.

पुढची दहा वर्षं तू काय काय सोसलंस ते आठवलं की आजही माझं डोकं उठतं. वात म्हणून बिब्ब्याचे चटके दिले. निर्गुडीचा पाला बांधला. वांगं बंद, हरभऱ्याची डाळ बंद, दही बंद. जो येईल तो एक पदार्थ बंद करून जायचा. मी म्हणायचे, नांदेडला चल, मोठ्या डॉक्टरला दाखवू. तू म्हणायचीस, गिरणी कोन बघंल? सिद्धेश्वर हाताशी आला, त्याची बायको रुद्राणी घरात आली, तोवर तुझी बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती, शेतातली ज्वारी वाऱ्याने एका अंगाला पडते तशी.

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, पाट्या बदलल्या. लातूरच्या दवाखान्यात बदलून आलेले एक डॉक्टर सांध्यांचं चांगलं बघतात असं कानावर आलं आणि मी तुला न विचारता एसटीची तिकिटं काढली. वाटेतलं चाकूर गेल्यावर तू म्हणालीस, "जिल्हा जवळ आला गं उमा, पर माजा घास तोंडापासून लांबच ऱ्हायला." भाकरी मोडायला तोवर तुला रुद्राणी लागायची.

डॉक्टरांनी हात पाहिले, रक्त घेतलं आणि पुढच्या खेपेला सांगितलं की हा हाडं झिजण्याचा वात नव्हे. अंगात रोगाशी लढणारी जी यंत्रणा असते तीच उलटली आहे, आणि सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते आहे. तू माझ्याकडे पाहिलंस, म्हणजे समजावून सांग. परतीच्या गाडीत मी वर्ग घेतल्यासारखी बोलत सुटले. पांढऱ्या पेशी कशा असतात, त्या परक्याला कशा ओळखतात, आपल्याला कशा सोडून देतात. बाजूचा पागोटेवाला बाप्पाही ऐकत बसला. तू मला मध्येच थांबवलंस.

"म्हंजे गिरणीत डब्याला खूण असती तसं. हे सिंधुबाईचं, हे कस्तुराबाईचं. आन माज्या अंगातला गडी खुणा इसरला. घरचाच डबा परका म्हनून बाहीर फेकून राहिला."

"अगदी तसंच."

"मंग त्याला कुनी सांगायचं, की बाबा हे घरचंच हाय?"

"सांगता येत नाही. गोळ्यांनी त्याला थोडा गप्प बसवता येतो."

"रोज?"

"रोज."

तू विचारलंस, "कामून उलटला असंल?" ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. आजही नीट ठाऊक नाही, अक्का, तू काही गमावलं नाहीस.

गोळ्या म्हणजे तेव्हा मुख्यतः ॲस्पिरिन, तेही भरपूर. डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा बजावली. गोळी पोटात अन्न असताना घ्यायची, रिकाम्या पोटी मुळीच नाही. तू मान डोलावलीस. मीही डोलावली. घोळ काय होणार आहे हे त्या खोलीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण डॉक्टर लिंगायत नव्हते आणि मी नावापुरतीच होते.

गोळी अन्नावर. अन्न पूजेवर. पूजा तळहातावर. आणि तळहात उघडायचा तर गोळी हवी.

तू हे आपल्या पद्धतीने सोडवलंस. औषध म्हणजे काही अन्न नव्हे, असं मनाशी ठरवलंस. पाणीही चालत नाही म्हणून पहाटे उठून गोळ्या कोरड्याच चावायच्या. दोन-तीन तासांनी बोटं सैल पडायची, मग आंघोळ, मग पूजा, मग भाकर. वर्षभर हे चाललं. घरात कुणाला पत्ता नाही. गल्लीत मात्र कौतुक, की नीलम्माचे हात बघा कसे सुधारले! मीही खूश होते. मग एके दिवशी, सासूला अत्ती म्हणणारी रुद्राणी माझ्या जिन्यावर येऊन हळूच म्हणाली, "मावशी, अत्तीला परसाकडं डांबरासारखं काळं होऊन राहिलंय." मी प्राणिशास्त्राची. काळं म्हणजे आतलं रक्त, एवढं मला कळत होतं.

लातूरला तुला रक्ताच्या बाटल्या लावल्या. पोटात जखम झाली होती. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "आजी, सकाळी दोन घास खाऊन मग पूजा केली तर देव रागावेल?"

"त्याचं न्हाई म्हाईत," तू म्हणालीस, "म्या रागावंन."

त्यांनी ॲस्पिरिनच्या गोळ्या कमी केल्या, पोटासाठी वेगळ्या दिल्या, पण काहीतरी खाल्ल्यावरच घ्या हे कायम राहिलं. मग मी एक युक्ती काढली. चांगली युक्ती होती, त्याचं श्रेय मी सोडणार नाही. गोळीच्या जागी गरम पाणी! रुद्राणी सकाळी बादलीभर पाणी तापवायची, तू कोपरापर्यंत हात बुडवून बसायचीस आणि मी एकेक बोट हलक्या हाताने सरळ करायचे. तू कण्हायचीस, मला शिव्या द्यायचीस, "मास्तरकी कर जा तिकडं" म्हणायचीस. पण हात उघडायचा. पूजा व्हायची, भाकर पोटात जायची, मग गोळी. दीड-दोन वर्षं तुझी बरी गेली. त्या काळात तू गिरणीच्या उंबऱ्यात बसून सिद्धेश्वरला दगडाच्या टाकीतल्या चुका दाखवायचीस. त्याला त्या पटायच्या नाहीत, हा भाग वेगळा.

मग पुन्हा दुष्काळ पडला. नव्या जिल्ह्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. विहिरी आटल्या, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकर आला की गल्लीत घागरींची मारामारी. मी कॉलेजातून पाण्याचा एक कॅन तुझ्यासाठी आणायचे. पहिल्या दिवशी तू ते पाणी माठात ओतून घेतलंस.

"ते हातासाठी आहे, अक्का."

"प्यायला न्हाई, आन बादलीभर पान्यात हात भिजवीत बसू? लोक थुंकतेल माज्यावर."

"त्याच पाण्याने नंतर भांडी घास."

"आन टँकरवर रुद्राणी उभी ऱ्हाती दोन-दोन तास, तिला काय तोंड दाखवू?"

त्या दिवशी आपलं जोरदार भांडण झालं. रुद्राणी तुझ्या बाजूची की माझ्या, तिला स्वतःलाच ठरवता येईना. पाणी माठातच राहिलं. शिवाय डावा अंगठाही आता आत वळून बसला होता. पाणी असतं तरी तो तळहात किती उघडला असता, सांगता येत नाही. तू पुन्हा पहाटे गोळ्या चावायला लागलीस. या वेळी मला लगेच कळलं, कारण मी रोज तुझं तोंड हुंगायचेच. हसू नको, खरंच हुंगायचे. चावलेल्या ॲस्पिरिनचा आंबूस वास येतो.

"मरायचंय का तुला?"

"न्हाई. पूजा करायची हाय."

"मग माझ्या तळहातावर ठेव लिंग. मी शेजारी बसते हात पसरून, तू वर पाणी घाल, विभूती लाव, काय लावायचं ते लाव. सकाळी सहालाही चालेल. मग खा, आणि मग गोळी घे."

तू माझ्याकडे अशी पाहत राहिलीस, की मी काही वेडंवाकडं बोलून गेले असं मला वाटलं.

"तुज्या हातावर? तू तर तुजंच बांधीत न्हाईस."

"तळहात तर आहे ना? सपाट आहे, उघडतो."

"आपलं लिंग दुसऱ्याच्या हातात देत न्हाईत, उमा. अंगापासून सोडीत न्हाईत त्याला."

"आजाऱ्याला सूट असेल काहीतरी. तुझा दवाखाना एकीकडे आणि देव एकीकडे, मध्ये कुणालाच विचारायचं नाही का?"

तू म्हणालीस, "अय्यांना इचार." अय्या म्हणजे रेवणय्या, तुला ज्यांनी लिंग दिलं होतं ते जंगम, आपल्याकडच्या घरांचे गुरू. ते तेव्हा मुखेडला त्यांच्या लेकीकडे होते. "त्यांनी हाव म्हटलं तर हाव, न्हाई म्हटलं तर न्हाई. पर इचारताना समदं सांग. म्हन, बाई शिकलेली हाय, लिंग कपाटात हाय, तरीबी तिचा हात चालंल का. लपवायचं न्हाई."

"सांगेन. आणि चालतो म्हणाले तर?"

"तर दुसऱ्या दिसापासून सहाला ये. आंघोळ करून." वर म्हणालीस, "आन नखं काप."

त्या दिवशी शुक्रवार होता. कॉलेजात परीक्षा चालू होत्या, म्हणून सोमवारची मुखेडची एसटी धरायची असं ठरलं. तोवर पहाटेच्या गोळ्या बंद ठेवायच्या, असं मी तुझ्याकडून कबूल करून घेतलं. तू ते पाळलंस, रुद्राणी साक्षीला आहे. पण आतली जखम आधीच उघडी पडली होती. रविवारी दुपारी तू गिरणीच्या उंबऱ्यातच रक्त ओकलीस. सिद्धेश्वरने जीप मिळवली. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि चाकूरच्या अलीकडे ते जड झालं. मी नाडी पाहिली, आणि जीप थांबवायला सांगितली.

आपल्यात जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात, लिंग डाव्या तळहातावर. कुणीतरी मुखेडला निरोप धाडला होता. अय्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आले, थकलेले, धुळीने माखलेले. लिंग तुझ्या हातात त्यांनीच ठेवलं. तळहात उघडेना. त्यांनी जोर केला नाही. वाकलेल्या बोटांच्या खोबणीतच ते हलकेच बसवलं आणि हात पदराखाली घेतला.

माती झाल्यावर अय्या लिंबाखाली हात धूत होते. रुद्राणीने त्यांना काहीतरी सांगितलं असावं. ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही मला काही विचारायला मुखेडला येणार होतात म्हणे?"

मी म्हटलं, "येणार होते."

"काय विचारायचं होतं?"

"माझ्यासाठी नव्हतं, अय्या," मी म्हटलं, आणि रुद्राणीला घेऊन घराकडे निघाले. नंतर काही वर्षांनी अय्याही वारले. मुखेडला मी पुढे एकदा-दोनदा जाऊन आले, लग्नाकार्याला. तुझं ते विचारायचं काम मात्र राहिलं ते राहिलंच.

तुझी,
उमा