खंडेनवमीला बंद ठेवलेला सर्व्हर

आमच्या इंदिरानगरात यंत्राला हळदकुंकू वाहणारे पुष्कळ आहेत, पण सर्व्हरला झेंडूची माळ घालणारा माणूस एकच, माझ्या शेजारचे मल्हारीभाऊ. त्यांची उभी हयात सातपूरच्या कारखान्यात लेथवर गेली. खंडेनवमीला यंत्र पुसायचं, पुजायचं आणि त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायची, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं.

सर्व्हर म्हणजे दिसायला एक काळा डबा. त्यांचा मुलगा रविराज कॅनडात असतो. त्याची आई विमलाबाई गेल्या तेव्हा आला होता; परत जाताना त्यानं हॉलमध्ये हा लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर मांडला. घरचे फोटो, त्याच्या कामाच्या फायली, सगळं त्यात. तिकडे बसून तो इंटरनेटवरून त्यात शिरतो आणि हवं ते घेतो. मल्हारीभाऊंचं काम एवढंच, की डबा चालू ठेवायचा. पण तोरा असा, जणू गंगापूर धरणाची दारं त्यांच्याच हातात. लग्नाला गेले तरी संध्याकाळी घरी हजर. मी चिडवायचो, "भाऊ, दावणीला म्हैस बांधलीय का?" ते नुसते हसायचे. या डब्यापायी पोराला अजून बाप लागतो, एवढाच त्यांना आधार होता. एरवी रविराजचा फोन म्हणजे जेवलात का, गोळी घेतली का, की संपलं.

यंदा खंडेनवमीला त्यांनी डबा आणि त्याच्या बाजूचा इंटरनेटचा राउटर दोन्ही बंद केले, पुसले, पुजले. दसऱ्याला सकाळी पुन्हा सुरू केले. दिवे लागले, पण रविराजला तिकडून आत शिरता येईना. त्याचा फोन आला तसे मल्हारीभाऊ माझ्याकडे आले. "सर, इंग्रजी वाचायला चला. मला बारीक दिसत नाय."

डबा टीव्हीला जोडला. कीबोर्ड त्यांच्या मांडीवर. रविराज फोनवरून एकेक अक्षर सांगे, मी बोट दाखवी, ते दाबत.

"अण्णा, काय दिसतंय?"

"लय आकडे हायेत. तू जेवला का?"

"आधी आकडे सांगा, अण्णा."

मी वाचून दाखवले. "सापडलं," रविराज म्हणाला. "बंद करून चालू केल्यावर राउटरनं डब्याला नवा नंबर दिलाय. आणि मी बाहेरून आलो की तो मला अजून जुन्याच नंबरावर पाठवतोय. पण बंद कुणी केला?"

"खंडेनवमी होती ना."

मला वाटलं पोरगा चिडणार. तो हसला. लहानपणी पूजेला कारखान्यात न्यायचात, म्हणाला. मग तिथले पेढे निघाले, फुलांनी मढवलेली यंत्रं निघाली, विमलाबाईंनी केलेल्या पुरणपोळ्या निघाल्या. विमलाबाई गेल्यापासून बापलेक इतकं बोललेले मी ऐकले नव्हते. मल्हारीभाऊ आता मुद्दाम सावकाश बटणं दाबत होते. मला ते कळत होतं. मीही बोट सावकाश दाखवू लागलो.

शेवटी राउटरमध्ये नंबर बदलला. रविराज आत शिरला आणि तिकडून बराच वेळ काहीबाही करत बसला.

"अण्णा, डब्याचा नंबर कायमचा पक्का केलाय. शिवाय आता चालू झाला की तो आपोआप मला जोडला जाईल. बंद करा, वीज जाऊ दे, तुम्हाला काही बघावं लागणार नाही. तुमच्या डोक्याचा ताप गेला."

"बरं झालं," मल्हारीभाऊ म्हणाले.

फोन ठेवल्यावर कीबोर्ड तसाच मांडीवर घेऊन ते बसून राहिले. "लय हुशार हाय पोरगं," म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मला रविराजचा राग आला. खरं तर राग यावा असं त्यानं काही केलं नव्हतं.

फोन पुन्हा जेवण आणि गोळीवर आले. परवा दुपारी मल्हारीभाऊ माझ्या दारात उभे, हातात पान्यांची पिशवी.

"सर, तुमच्याकडं काय बिघडलंय का? बघून देतो."

आमच्याकडे सगळं नीट चाललं होतं. मी म्हटलं, "पंखा आवाज करतोय. या."