होयबा आणि दाढोबा

सलूनवाल्या होयबांच्या तोंडून ज्यानं कधी 'नाही' ऐकलंय, असा माणूस शोधून सापडला नसता. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते दुकानाच्या परवान्यावर तेवढं उरलं होतं. आता तीस वर्षं खुर्चीमागं उभं राहिलेला माणूस दुसरं काय करणार? गिऱ्हाईक बोलतं, आपण मान हलवायची. एक म्हणाला "सगळे चोर आहेत", की मान. दुसरा म्हणाला "एवढे काही वाईट नाहीत", की त्यालाही मान. हातात वस्तरा असताना वाद घालू नये, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते गिऱ्हाइकांच्याच भल्याचं होतं.

घरीही तोच खाक्या. बायको वैतागून म्हणायची, "नंदीबैल परवडला! तो निदान प्रश्न ऐकून तरी मान हलवतो."

तर असेच एकदा ते कुणाच्या तरी गालाला फेस लावत असताना त्यांची एकुलती एक मुलगी दुकानात आली.

"बाबा, मला नोकरी लागली. पण लांब आहे हं."

मान.

"आधी दोन महिने ट्रेनिंग. तिथं प्राणी ठेवू देत नाहीत."

मान.

"मग माझा ड्रॅगन तुझ्याकडे ठेवते."

फेस लावून झाला आणि होयबांनी वर पाहिलं, तर मुलीच्या हातात काचेची मोठी पेटी, आणि पेटीत हातभर लांब, अंगभर काटे असलेला एक सरडा! गळ्याखाली चक्क काटेरी दाढी. जातच 'बिअर्डेड ड्रॅगन', म्हणजे दाढीवाला ड्रॅगन. मुलीनं तो होस्टेलमध्ये लपूनछपून पाळला होता. नाव दाढोबा.

बायकोनं घरच्या दारातच हात आडवा केला. "घरात तो तरी राहील नाहीतर मी तरी." होयबांनी सवयीनं मान हलवली. कशाला हलवली ते त्यांचं त्यांना माहीत, पण त्या दिवशी ताट स्वतःच वाढून घ्यावं लागलं. पेटी अर्थातच परत दुकानात आली.

मुलगी निघताना म्हणाली, "आई घाबरते, म्हणून तुझ्या भरवशावर सोडून चाललेय. त्याला काही झालं ना, तर बघ!" मग तिनं सगळं समजावलं: वर हा उन्हासारखा दिवा, खाली हा तापणारा दगड, सकाळी बारीक चिरलेली भाजी, दुपारी डब्यातले जिवंत रातकिडे. रातकिड्यांचा डबा होयबांनी दोन बोटांत, अंगापासून लांब धरला. मान मात्र हललीच.

गंमत अशी, की पूर्वी महिन्यातून दोनदा फोन करणारी ही मुलगी आता रोज दुपारी एकच्या ठोक्याला फोन करू लागली. "दाढोबा कसा आहे?" इथून सुरुवात, मग "तू जेवलास का?", मग "इथली भाजी म्हणजे नुसतं पाणी रे बाबा." होयबा पावणेएकपासूनच फोन पुसून ठेवायचे. बोलून कुणाला दाखवलं नाही, पण त्या एका फोनावर त्यांचा अख्खा दिवस जायचा.

आणि दाढोबानं खाणं सोडलं.

भाजी तशीच. रातकिडे त्याच्या डोक्यावरून फिरायचे, तरी हा ढिम्म. त्यातून होयबा समोर गेले, की दाढी फुगवून कोळशासारखी काळी करायचा. होयबांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीला काय सांगायचं? रोज एक वाजता ते खोटं बोलू लागले. "खातो ना, मस्त खातो." आणि फोन ठेवला, की पेटीसमोर बसून अजिजीनं म्हणायचे, "खा रे बाबा, एक तरी खा. माझी अब्रू तुझ्या पोटात आहे."

एका जुन्या गिऱ्हाइकानं, टपालवाल्यानं, शोध लावला. "अहो, आरसे! पुढं आरसा, मागं आरसा. बिचाऱ्याला चाळीस दाढीवाले दिसतायत. तो लढाईच्या तयारीत आहे."

होयबांनी मान हलवली आणि सगळे आरसे टॉवेलांनी झाकले. आठवडाभर गिऱ्हाइकांनी देवावर हवाला ठेवून केस कापून घेतले. शोध लावणाऱ्या टपालवाल्याचीच एक मिशी दुसरीपेक्षा आखूड झाली, आणि ते त्याला घरी गेल्यावर बायकोनं सांगितलं. पण दाढोबाची दाढी काळी ती काळीच.

शेवटी एक दिवस मुलगी म्हणाली, "आज व्हिडिओवर दाखव. कसा खातो ते बघू दे." संपलं! होयबांनी फोन डब्याला टेकवून ठेवला, चिमट्यात रातकिडा धरला आणि दाढोबासमोर जाऊन लाडानं मान हलवली. "घ्या हं, घ्या, हं, हं." दाढोबा फुगला. दाढी काळीभोर.

"बाबा!" मुलगी फोनमधून ओरडली. "मान नको हलवूस!"

"बरं," म्हणत होयबांनी मान हलवली.

"अरे थांब! त्यांच्यात मान हलवणं म्हणजे आव्हान! 'इथला दादा मी' असं म्हणणं! रोज असाच समोर जातोस?"

होयबा मटकन खुर्चीत बसले. ज्या माणसानं जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नाही, तो महिनाभर दिवसातून शंभर वेळा एका मुक्या जिवाला दम भरत होता! "मग आता काय करू?" त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"हात वर कर. हळूहळू गोल फिरव. म्हणजे 'तू मोठा, मी लहान'."

होयबांनी हात फिरवला. दाढोबा एकटक बघत राहिला. दाढीचा रंग उतरत उतरत पिवळट झाला, आणि तेवढ्यात जीभ बाहेर आली. गट्टम! होयबांच्या जिवात जीव आला. शेजारच्या खुर्चीत केस कापायला बसलेल्या टपालवाल्यानं अंगावरच्या चादरीतूनच टाळ्या वाजवल्या.

मग पुढचा महिना होयबांनी दुकानात मान आवरायला शिकून घेतलं. फार जड गेलं. गिऱ्हाईक बोलायचं आणि हे मानेला हात लावून "हं" म्हणायचे. टपालवाल्यानं विचारलंसुद्धा, "मान धरलीय का हो?" बायको तर रोज भोपळा किसून डब्यात द्यायला लागली. "तुमच्यासाठी नाही," असं बजावून.

दोन महिने संपले आणि मुलगी आली. हातात झाकणाची टोपली.

"बाबा, खोली मिळाली मला. ह्याला घेऊन जाते हं."

होयबांची मान खाली जायला निघाली, आणि महिनाभराच्या सवयीनं मध्येच थांबली. थांबली, ती डावीकडे गेली. मग उजवीकडे.

"नाही," होयबा म्हणाले.

खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं गालावरच्या फेसासकट मान वळवली. मुलगी बघतच राहिली. "काय? का?"

"तो गेला, तर तू रोज फोन कशाला करशील?"

मुलीचे डोळे भरून आले. तिनं टोपली खाली ठेवली, उजवा हात वर केला आणि हळूहळू गोल फिरवला.

"रोज एक वाजता," ती म्हणाली. "नक्की."

होयबांनी आनंदानं जोरजोरात मान हलवली, आणि पेटीत दाढोबाची दाढी काळीकुट्ट झाली.