पेटीविना उपासना

साठीनंतर लेखणी हाती घेतली, या धाडसाबद्दल क्षमा असावी. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील उपासनेची आखणी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी यंदा माझ्याकडे सोपविली. वाद्यांविना, केवळ शांततेत प्रार्थना व्हावी, असे मी बैठकीत सुचविले आणि सर्वांनी माना डोलावल्या. पेटी वाजविणारे सॅम्युएलकाका तेवढे म्हणाले, "मग मी बसू कुठं, बाई? तरुणपणापासून बाकावर बसलोच नाही."

"काका, उपवास पेटीला आहे, तुम्हाला नाही!" कोणीतरी हसले.

काका हसले नाहीत. मिटलेल्या पेटीवर त्यांची बोटे निःशब्द चालत राहिली. या दिवसांत आपले प्रिय ते आपण सोडावे. मी तर दुसऱ्याचे सोडून मोकळी झाले होते.

उद्या उपासना आहे. माझ्या जागी आपण असता, तर काय केले असते?