छत्र्यांचं नसलेलं दुकान

बाई शाळेत वाणिज्य शिकवायच्या आणि त्यांचे यजमान पाणीखात्यात मीटर तपासायचे. कुणी मीटर बंद पडलाय म्हटलं, की हे आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत. नोकरीच तशी, हळूहळू स्वभावही तसाच झाला.

एकदा गल्लीतल्या शिंप्याने त्यांना हटकलं. "काय साहेब, वहिनी दुकान काढतायत म्हणे! शेजारचा रिकामा गाळा बघून गेल्या. आम्हाला पत्ताच नाही!"

साहेब कसंबसं हसले. घरी अवाक्षर काढलं नाही, पण कान टवकारले. संध्याकाळी बाई फोनवर म्हणत होत्या, "भागीदार बदलायचाय? बघू शनिवारी, गाळ्यापाशी. आणि घरी इतक्यात कुणाला बोलायचं नाही हं."

झालं. साहेब थोरल्या बहिणीकडे गेले. तिच्यापाशी मन मोकळं केलं, तर तिने तेलच ओतलं. "भागीदार कोण रे? बाप्या की बाई?"

शनिवारी ते बाईंच्या मागोमाग निघाले आणि गाळ्यासमोर उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडोशाला थांबले. बाई आल्या. पाठोपाठ गणवेशातली दहा-बारा मुलं आली. कुणी टेप लावून दाराची रुंदी मोजत होतं, कुणी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवून होतं. तेवढ्यात एक मुलगी कुजबुजली, "बाई, तो माणूस मघापासून आपल्याकडे बघतोय."

"दुसऱ्या दुकानाचा हेर असणार!" दुसरी म्हणाली.

बाईंनी वळून पाहिलं. "हेर नाही. आमचे हे आहेत."

साहेब टेम्पोमागून बाहेर आले. मुलांनीच सांगितलं सगळं. वर्गाने छत्र्यांचं एक दुकान कल्पनेत काढलं होतं. जागा कुठे, गिऱ्हाईक कोण, माल कुठून आणायचा, हे शिकायला. घरच्यांना शाळेच्या प्रदर्शनाच्या दिवशी चकित करायचं होतं.

"आणि भागीदार?" साहेबांच्या तोंडून निसटलंच.

"हा काय!" मुलीने एका लुकड्या पोराकडे बोट दाखवलं. "काडीचं काम करत नाही."

मुलं खिदळली. बाई हसल्या नाहीत.

घरी जाताना साहेबांनी सगळं कबूल केलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "शिंप्याचं ऐकलंत, ताईंना विचारलंत. मी रोज तुमच्या समोर बसून जेवत होते."

 दुसऱ्या दिवशी बहिणीकडे जाऊन साहेबांनी खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "असं ती सांगते." तशी साहेबांनी चहा अर्धा टाकला, चपला घातल्या आणि घर गाठलं.

बाई बरेच दिवस कामापुरतंच बोलत होत्या. मग एका रात्री ताटं वाढताना म्हणाल्या, "आमचं दुकान तोट्यात गेलंय."

"का गं?" साहेबांनी विचारलं, आणि चेहरा न निरखता नुसतं ऐकत राहिले.